भिंत नसलेलं दार

माझ्या लहानपणी बारामतीत कुणी दारावर टकटक करत नसे. दारं दिवसभर उघडीच असत. येणारा ओट्यावरूनच "हाय का घरात?" असं ओरडायचा आणि आपण ओ देईपर्यंत स्वयंपाकघरात येऊन बसलेला असायचा. अख्ख्या गावात टकटक करणारा माणूस एकच, आमचे शेजारी आबा. दार सताड उघडं असो, दारात आपण स्वतः उभे असू, आबा काठीच्या मुठीनं चौकटीवर दोनदा वाजवायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "मे आय कम इन सर?"

माझी आत्या समोरच तांदूळ निवडत बसलेली असायची. ती म्हणायची, "सर कचेरीत गेलेत. सरांची बहीण आहे, चालेल का?"

"चालंल की. पण या म्हणा."

"या" म्हटल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. कधी आत्या मुद्दाम गप्प राहायची. मग आबा तिथंच उभे. एकदा तर तिचे तांदूळ निवडून झाले तरी उभेच होते.

आबा गुळाचे आडतदार होते. कालव्याच्या पाण्यावर आमच्याकडे ऊस झाला आणि त्या उसाच्या गुळावर आबांची आडत चालली. ढेपांचं वजन करायला, सौदे ठरवायला ते गुऱ्हाळांवर जात. गुऱ्हाळाला कसलं दार? चार खांब आणि वर पाचट. आबा खांबावर वाजवत. गोठ्यात जाताना फळीवर वाजवत, आणि म्हशीनं मान हलवली की आत शिरत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तरी स्वतःच्या घराचं कुलूप काढल्यावरसुद्धा ते दोनदा वाजवून थोडा वेळ थांबत.

"आबा, आत कुणी नाही. कुणासाठी वाजवता?" आत्यानं एकदा विचारलंच.

"सवय ऱ्हावी म्हणून, आत्याबाई. येळंला हात उचलला पायजे."

कुठल्या वेळेला, हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

आबा मॅट्रिक पास होते, हे आडतदाराच्या मानानं नवलच होतं. मामाकडं नगरला राहून शिकले होते. पुढं का नाही शिकलात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "गेलो हुतो की पुण्याला. हवा मानवली न्हाय." गावात यावर लोक हसत. कारण आबा गेल्या पावली परत आले होते. एवढ्यात हवा लागली कधी आणि बाधली कधी?

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. पुण्यातलं एक नावाजलेलं कॉलेज मोजक्या मुली घेत असे. आधी मार्क बघत, आणि मग प्रिन्सिपॉल स्वतः एकेकीला बोलावून पारखत. माझ्या वडिलांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "कमल, प्रवेश मिळाला तर पुणे. नाही मिळाला तर इंदापूर." इंदापूर म्हणजे तिथलं एक स्थळ. माणसं चांगली होती, मुलगाही सरळ होता. पण मला गणित शिकायचं होतं, आणि इंदापुरात माझ्या वाट्याला येणारं गणित दुधाच्या रतिबाच्या पलीकडं जाणार नव्हतं.

हे आबांच्या कानावर गेलं तशी त्यांनी माझी तयारी ताब्यातच घेतली. "मार्कांचं मास्तर बघतील. आत जायचं आमी बघतो."

मुलांनो, तुमच्याकडे मुलाखतीच्या तयारीचे वर्ग असतात म्हणे. माझा वर्ग गुळाच्या आडतीत भरायचा. आडतीचं तोंड रस्त्याकडं उघडं. सकाळी फळ्या काढल्या की झालं. आबांना हवं होतं खरं दार. त्यांनी डाकबंगल्याच्या दुरुस्तीत निघालेलं एक दार चौकटीसकट विकत आणलं आणि आडतीच्या मधोमध उभं केलं. दोन्ही बाजूंनी ढेपांची थप्पी लावली, म्हणून ते उभं राहिलं इतकंच.

शेतकरी चक्रावले. पहिल्याच दिवशी जळोचीचा एक म्हातारा वळसा घालून काट्यापाशी गेला, तर आबा कडाडले, "तात्या, माघारी फिरा. दारातनं या!"

"अवो पण आबा, दाराला भिंत कुठं हाय?"

"भिंत पुण्यात हाय. तुमी दारातनं या."

म्हातारा मुकाट्यानं परत गेला, दार उघडून आत आला, आणि जाता जाता ते कडीसकट लावूनही गेला.

रोज संध्याकाळी शाळा सुटली की मी त्या दाराबाहेर उभी राहायची. पलीकडं आबा काळा कोट घालून, गुळाच्या पेटीवर बसून प्रिन्सिपॉल व्हायचे.

टक, टक, टक.

"तीन म्हंजी सावकार! माघारी."

टक.

"एक म्हंजी चोर. कोण हाय का न्हाय त्याचा अंदाज घेतोय. माघारी."

टक, टक.

"हां. ही इद्यार्थ्याची." मग घशातून एक जाड, परका आवाज यायचा, "येस, कम इन." आत गेलं की आबा बराच वेळ मान वर करत नसत. कागद चाळत. माशा गुळावर घोंगावत असत. "साहेब बघत न्हाय म्हून घाबरायचं न्हाय," ते मान खाली घालूनच सांगत. "त्यो बी माणूस हाय. त्याला बी घरी बायको बोलती."

आत्या पाटीतून गूळ न्यायला यायची आणि दाराबाहेरून म्हणायची, "आबा, पोरीला दार उघडता येतं. दुधावरची साय काढायला ती कपाटाचं दार रोज उघडते."

निकाल लागला. मार्क चांगले पडले आणि भेटीला बोलावणं आलं. वडिलांना रजा मिळेना, तेव्हा आत्या आणि आबा माझ्याबरोबर निघाले. बारामतीच्या छोट्या गाडीनं दौंड, तिथून मोठ्या गाडीनं पुणे. आबांनी अख्ख्या प्रवासात तोंड उघडलं नाही. आत्या दोनदा खिडकीशी बोलली, "आज हवा बाधलेली दिसते."

कॉलेजच्या फाटकाशी आबा थांबले. "तू जा. मी हितंच बरा." आत्याही त्यांच्याबरोबर लिंबाच्या सावलीत बसली.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीशी पोहोचले आणि बघते तर काय, दार उघडंच! नुसता पडदा, तोही वाऱ्यानं निम्मा बाजूला सरकलेला. समोर टेबलाशी साहेब दिसत होते, त्यांना मी दिसत होते. शिपाई म्हणाला, "जा की ताई आत." पण माझा हात आपोआप वर गेला. टक, टक. "मे आय कम इन, सर?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ते मराठी गृहस्थ होते. "दार उघडं आहे, बाई."

"हो सर. पण आमच्याकडे वाजवतात."

"बारामतीला?"

"एकच जण वाजवतात, सर."

त्यांना हसू आलं. कोण ते, त्यांनी इंग्रजीत विचारलं, आणि मी इंग्रजीत सांगू लागले. ढेपांतलं दार, जळोचीचा म्हातारा, सावकाराची टकटक. पाठ केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. साहेब पोट धरून हसले. मग डोळे पुसून त्यांनी गणितातला एक प्रश्न घातला. तो मी सोडवला. त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "फी भरा. आणि इथं वाजवत बसू नका, सरळ या."

मी फाटकापर्यंत जवळजवळ पळतच आले. आत्यानं माझं तोंड पाहिलं आणि दोन्ही हातांनी कानशिलांवर बोटं मोडली. "सुटलं गं बाई इंदापूर!" (तिकडचा मुलगाही सुटला म्हणायचा. इंग्रजी शिकणाऱ्या बायकोची त्याला धास्ती होती, असं पुढं कळलं.)

आबांनी प्रश्न काय आले ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "दार कसं हुतं?"

"उघडंच होतं, आबा. नुसता पडदा."

"माझ्या वक्ताला बंद हुतं," ते म्हणाले. "मार्क हुते. कागुद हातात हुता. शिपाई पाण्याला गेलता. आत दोघंतिघं इंग्रजीत बोलत हुते, आन् कुनीतरी हसलं. मला वाटलं, मलाच हसले. हात वर केला, त्यो तितंच ऱ्हायला. वाजवलंच न्हाय. हवेचं आपलं उगंच."

आत्या उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "कमल, आबांना दार दाखवून आण."

आम्ही गेलो तेव्हा साहेब जेवायला गेले होते, शिपाईही नव्हता. पडदा हलत होता. आबांनी टोपी सारखी केली. काठी माझ्याकडं दिली आणि बोटांनीच चौकटीवर वाजवलं. टक, टक. मग थांबले. आत कुणी नव्हतं. उत्तर येणार कुठून? पण ते थांबूनच होते. मला ते बघवेना. मी त्यांच्या मागून, घसा जड करून, आडतीतल्या साहेबाच्या आवाजात म्हणाले, "येस, कम इन."

आबा आत गेले. टेबल बघितलं, भिंतीवरचा नकाशा बघितला, खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि बाहेर आले.

"बरी हाय खोली," ते म्हणाले. "चल, गाडी चुकंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तांदूळ निवडत होती. ओट्यावरून आवाज आला, "हाय का घरात?" आणि ती ओ देईपर्यंत आबा थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलेसुद्धा. आत्याच्या हातातलं सूप कलंडलं.

"अगंबाई! आणि आज टकटक?"

"झाली की काल पुण्यात," आबा म्हणाले. "चहा ठेवा."