मागच्या सीटवरची चार पोती

दिगंबरराव वसमतकर वकिलांच्या मोटारीत मागच्या सीटवर चार पोती बसायची. 'ठेवलेली असायची' म्हटलेलं त्यांना खपत नसे. पोत्यांत वाळू होती, आणि ती वाळू घेऊन हा शिकलासवरला माणूस रोज कोर्टात जायचा. नाक्यावरच्या शिपायाने एकदा चारही पोत्यांत सळई खुपसून पाहिली.

"वकीलसाब, ये रेत कां लेके जारैं?"

"कईं नै. घुमाने," वकीलसाहेब म्हणाले. घरी आल्यावर सळईची भोकं त्यांनी स्वतः दाभण घेऊन शिवली.

हैदराबादच्या कोठी भागात आमची घरं समोरासमोर होती, त्यामुळे या पोत्यांचा जन्म मी पाहिलेला आहे. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात सामील होणार की नाही, ते ठरत नव्हतं. रोज नवी अफवा उठायची आणि गल्लीतलं आणखी एक घर कुलूपबंद व्हायचं. वकीलसाहेबांनीही आई, बायको आणि दोन मुलींना सोलापूरला मेहुण्याकडे पोचवायचं ठरवलं. रस्ता खडबडीत, गाडी म्हातारी. म्हणून गॅरेजवाल्या करीम उस्तादाला त्यांनी मागच्या चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, जादा पोलादी पाटे घालायला सांगितले. उस्तादाने सहज विचारलं, "वजन कित्ता रहिंगा?"

झालं! वकिलाला पुराव्याशिवाय उत्तर देणं जमतं होय? त्यांनी घरातल्या सगळ्यांना बेगम बाजारात नेलं आणि एका अडत्याच्या धान्याच्या काट्यावर एकेकाला बसवलं. त्यांची आई, म्हणजे माई, काट्यावर बसून रागाने लाल झाल्या होत्या. "मी काय मिरच्यांचं पोतं आहे का रे?" त्या दोन्ही नातींपेक्षाही हलक्या भरल्या. "बघ, माझं वजन ते काय! एवढ्यासाठी लोखंड कशाला घालतोस? मला इथंच राहू दे."

"दोन महिन्यांत परत आणतो, माई. शब्द देतो."

उस्तादाने लॉरीचे तीन तीन पाटे दोन्ही बाजूंना चढवले. भरलेली गाडी सोलापूरपर्यंत कुठे आदळली नाही म्हणे. वकीलसाहेबांचे अशील तुरुंगात होते, त्यामुळे ते एकटेच परत निघाले, आणि फजिती तिथे झाली. एवढी माणसं पेलायला घातलेल्या कमानी एकट्या माणसाला वाकेनात. खड्डा आला की गाडीचा मागचा भाग उडायचा, वळणावर मागची चाकं घसरायची. चष्मा तर वाटेत किती वेळा मांडीत पडला, त्याला गणतीच नाही.

"खाली गाडी है साब, पाटे निकाल देतूं," उस्ताद म्हणाला. "नै तो किसी दिन पलटी मारिंगे."

"नक्को. पाटे काढले तर त्यांना आणायला कशी जाऊ? वजन पाहिजे, उस्ताद, वजन!"

दुसऱ्या दिवशी त्याच काट्यावर चार पोती भरली, ज्याच्या त्याच्या वजनाबरहुकूम. गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली. तेव्हापासून 'वजन पाहिजे' हा त्यांचा मंत्रच झाला. पातळ चहाला वजन पाहिजे, न्यायाधीशाच्या निकालाला वजन पाहिजे, माझ्या बोलण्याला तर पाहिजेच पाहिजे.

माझी कचेरी नामपल्लीला. ते कधीकधी मला वाटेत सोडायचे. एकदा मी जेवणाचा डबा मागे ठेवायला गेलो, तर ते ओरडले, "अहो, माईंवर ठेवू नका!" मी हसलो. घरी बायकोला सांगून पुन्हा हसलो. आज त्याची लाज वाटते.

दोन महिन्यांचं जवळजवळ वर्ष झालं. टपाल धड येत नव्हतं. मग हिंदी फौज शहरात आली, रस्ते उघडले आणि वकीलसाहेब दुसऱ्याच दिवशी पोत्यांसकट निघाले.

ते परत आले तेव्हा उरलीसुरली सगळी गल्ली बाहेर आली होती. मुली उतरल्या, मागून वहिनी उतरल्या. डाव्या खिडकीपाशी सगळ्यांत लहान पोतं तसंच बसलेलं होतं. मी काही विचारणार, तोच वहिनींनी मान हलवली. माई थंडीतच गेल्या होत्या. पत्र पाठवलं होतं, ते इथवर पोचलंच नाही.

वकीलसाहेब गाडीला टेकून उभे होते. "तिला जायचंच नव्हतं हो," ते म्हणाले. "मी तोलून नेलं तिला."

आठवड्याने करीम उस्ताद जादा पाटे काढायला आला. मीही तिथे होतो. "ये एक बोरा भी उतार देतूं साब?" त्याने विचारलं.

"नक्को."

पाटे निघाले, कमानी मऊ झाल्या आणि त्या एका पोत्याने गाडी डावीकडे किंचित कलली. उस्ताद लांब जाऊन थोडा वेळ बघत राहिला. मग पुन्हा गाडीखाली शिरला आणि काढलेल्यातला एक पाटा त्याने डाव्या बाजूला परत चढवला. गाडी सरळ उभी राहिली.

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या गाडीतून नामपल्लीला गेलो. डबा मी मांडीवरच घेऊन बसायचो.