डोंगरी पाठराखीण

माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून माहेरहून गवत आलं. मामेबहिणीची परीक्षा होती, मावशीचे गुडघे धरले होते. नवरीसोबत सासरी कुणीतरी जावं लागतं, म्हणून आईने घरामागच्या टेकडीवरचं डोंगरी गवत कुंडीत बसवून माझ्याबरोबर सांगलीला पाठवलं.

सासूबाईंनी या पाठराखणीची नीट विचारपूस केली. पाहुणीला कुंडीत अवघडून बसवणं बरं दिसेना, म्हणून तिला बागेतल्या लॉनवर जागा दिली. घोटाळा तिथेच झाला. मांडवपरतणीला आम्ही माहेरी निघालो, तर पाठराखीण उठेना.

"पाहुणीनं मूळ धरायचं नसतं," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी लॉन कापायला माणूस येतो. तोवर तिला काय ते सांग."

त्या घरात मनातलं बोलायला मला ती एकटीच होती.

शनिवारी सासऱ्यांची बहीण, गोदूआत्या, आल्या. घराण्यातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली, त्यातही पाठराखणी हेरण्यात त्यांचा हातखंडा. तांबूस तुरे मिरवत उभी असलेली ही त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि कुणाची म्हणून विचारलं. धाकट्या दिराला, निनादला, बरीच वर्षं मुली नकार देत होत्या.

लगेच पोहे झाले. दोघांना बोलायला बागेत सोडलं. निनाद बऱ्याच वेळाने लाजत आत आला. म्हणाला, तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही फोन बघितला नाही.

सासऱ्यांनी शिक्षणाचा विषय काढला.

"दादा, उन्हाळ्यात पाणी मागत नाही ती," आत्या म्हणाल्या. "आणखी काय हवंय तुला?"

उरला रविवारचा माणूस. चहा देताना मी हळूच विचारलं, "आई, आपल्याकडे सुना केस कापत नाहीत ना?"

"कधीच नाही," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. मग त्यांची नजर लॉनकडे गेली. उठून त्यांनी माणसाला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

लग्न बागेतच लागलं. आता ती माझी धाकटी जाऊ आहे.

परवा आमटी खारट झाली. पाणी घालू का, एवढंच मी विचारलं, तर सासूबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तिच्याकडून शीक जरा. आल्यापासून उलट शब्द नाही."

संध्याकाळी मी तक्रार घेऊन जावेकडे गेले. तिने सासूबाईंची बाजू घेतली.