भागोजीच्या दहाव्याचा कावळा

मांडवीच्या पुळणीवर केळीच्या पानात पिंड ठेवून लवू हात जोडून उभा होता, आणि एकही कावळा त्याच्याकडे बघत नव्हता. कावळे होते. ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर ओळीनं बसले होते. पण सगळ्यांची तोंडं समुद्राकडे.

"धाकटीचं लग्न लावीन, बाबा," लवू म्हणाला. "आईला लोट्याला माझ्याकडे नेईन. होडी विकणार नाय." कावळे ढिम्म. आप्पाकाकांनी विडी पेटवून पिंडाशेजारी ठेवली, तेव्हा एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला.

"मला दुपारच्या एसटीनं हेदवीला जायचंय," भटजी चुळबुळले. "दर्भाचा कावळा करून मोकळं होऊ या."

"गवताचा कावळा? माझ्या भावाला?" आप्पाकाका उसळले. "लवू, भरती लागलीय. पिंड तसाच वाहून गेला तर बाप जन्मभर लटकत राहील तुझा. म्हणजे... जन्म संपला, पण लटकत राहील. त्याचा जीव रावजीत अडकलाय. सूड राहिला ना त्याचा!"

हे मात्र लवूला पटलं. पासष्ट सालच्या गणपतीत मिरवणुकीत पुढे कोणी चालायचं यावरून त्याच्या बापाची शेजारच्या रावजीशी जुंपली, ते भांडण वीस वर्षं मिटलं नाही. मागे एकदा रावजी तापानं फणफणला, तर भागोजीनं त्याच्या दारात तिरडीचे बांबू पाठवले. रावजी बरा झाला. बांबू त्यानं माळ्यावर जपून ठेवले, आणि भागोजी गेला त्या दिवशी स्वतः खांद्यावरून आणून अंगणात टाकले. "तुझ्या बापाचेच हायत," एवढंच बोलला. गडबडीत तेच वापरले गेले.

लवूनं मुठी आवळल्या. "बाबा, रावजीला मी सुखानं जगू देणार नाय!" ढेकूण मारतानाही कासावीस होणारा माणूस तो, कावळ्यांचा विश्वास बसला नसावा.

"बोलून काय होतंय?" काका म्हणाले. "त्याला इथं आण आणि दादाच्या समोर एक थोबाडीत दे."

लवू गेला. मान खाली घालून रावजीला सगळं सांगितलं. रावजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात कोण जेवलंय काय?"

"आई सकाळपासून पाण्यावर हाय."

"मग उभा काय ऱ्हायलास? चल!"

दोघे पोचले तेव्हा लाट पानापासून हातभरावर आली होती. रावजीनं चष्मा काढून खिशात ठेवला, गाल पुढे केला, डोळे गच्च मिटले. "मार."

लवूनं हात उचलला. गालावरची पांढरी खुंटं बघितली. हात वरच राहिला. "नाय जमत, काका."

"मार रे! पाणी आलं!" रावजी डोळे न उघडताच खेकसला.

"तुम्ही म्हातारे झालात हो," लवू रडकुंडीला येऊन म्हणाला.

रावजीचं डोकं फिरलं. लवूला बाजूला ढकलून तो पिंडावरच ओरडला, "मेल्या भागोज्या!" हा शब्द त्यानं वीस वर्षांत पहिल्यांदाच अचूक वापरला होता. "मेलास तरी माज जात नाय तुझा? बायको तिकडं उपाशी, पोरगा इथं रडतोय, आणि तू जावयासारखा रुसून बसलायस? मुडद्या, दहा दिवस झाले, सकाळी उठून तोंड सोडायला माणूस नाय मला! कोणाला..."

होडीवरचा सगळ्यात जाडा कावळा फडफडत खाली आला, पिंडात चोच खुपसून घास घेतला आणि उडाला. मागोमाग आलेल्या लाटेनं पान उचलून नेलं.

भटजी स्टँडच्या दिशेनं पळाले. आप्पाकाका नाक शिंकरत राहिले. लवू रावजीच्या पाया पडायला वाकला.

"ते ऱ्हाऊ दे," रावजी चष्मा पुसत म्हणाला. "माझे दोन्ही मुलगे गरीब स्वभावाचे. माझ्या दहाव्याला तूच ये."

"येईन की, काका."

"नुसता येऊन काय करशील? धड एक शिवी येत नाय तुला." रावजीनं चष्मा नाकावर चढवला. "उद्या सकाळी कुंपणाशी ये. सुरुवात मी करतो."