नवरामायणाची मोहीम, मुक्काम मुलुंड

श्रीगजानन साक्ष ठेवोन, मुलुंड पूर्वेच्या दत्तछाया सोसायटीत जे वर्तले ते लिहिले. पदरचे घातले ते अगदी थोडके.

मजकूर ऐसा जे, सोसायटीच्या वार्षिक समारंभास दुसऱ्या मजल्याच्या राजश्री गंधालीबाई यांनी नवे रामायण रचिले. त्यात रावण बिल्डर, लंका म्हणजे चाळीस मजली टॉवर, पुष्पक म्हणजे ड्रोन, आणि सीता खुद्द गंधालीबाई; तीस काम इतकेच की, गॅलरीत बसोन रडावे. सेक्रेटरीसाहेबांचे फर्मान सुटले की, नाटक फसल्यास पुढील सालापासून नाटक दरोबस्त बंद, ऑर्केस्ट्रा कायम.

त्यात ऐन दिवशी रावण तापाने बिछान्यास खिळला. मग बाई हवालदिल जाहल्या, आणि तळमजल्याचे गुणाजीकाका, तरुणपणी मालवण प्रांती दशावतारात रावण गाजविलेले, यांची कुमक मागितली. काकांनी मान डोलविली, आणि संहिता उघडलीच नाही. कारण दशावतारी गडी लिहिलेले बोलत नाही, समोरच्यास सवाल घालतो, आणि जो निरुत्तर जाहला तो पडला, ऐसा तिकडील दस्तूर. बाईंचे आजोळ तिकडचेच, परंतु गडबडीत हा दस्तूर विसरल्या, तेथेच घात जाहला.

युद्धप्रसंगी रामरूपी प्रांजल, बाईंचा शेजारी, धनुष्य ताणोन उभा राहिला, आणि काका सीतेकडे बोट करोन गरजले, "माज्या लंकेत चोवीस तास पाणी, लिफ्ट, बाग! तू रवतंस रानात. हिका खंय ठेवतलंस, सांग!"

प्रांजलच्या पाठांतरात हा सवाल नव्हता. तो गॅलरीकडे पाहोन पुटपुटला, "यार, हे कुठे लिहिलंय?"

राम निरुत्तर जाहला! तमाम सभा हादरली, सेक्रेटरीसाहेब ऑर्केस्ट्रावाल्यास फोन लावू लागले, आणि रामायणात रावण जिंकावयाची वेळ आली.

मग गंधालीबाईंनी रडणे टाकिले, पदर खोचिला, आणि खाली उतरोन आजोळच्या बोलीत सवाल घातला, "काकानू, तुमका धा तोंडां. एका तोंडान तरी माका इचारल्यान, बाये, तुका काय व्हया?" आणि रामाकडे वळोन, "आणि तू रे? तू तरी विचारलंस?"

काका दाही तोंडांनी गप्प जाहले, मग दस्तुराप्रमाणे आपण होऊन आडवे पडले, आणि पडता पडता खुशीने हसले. महिलामंडळाने शिट्ट्या मारिल्या. सेक्रेटरीसाहेबांनी फोन खिशात घातला.

येणेप्रमाणे एकही बाण न सुटता लंका फत्ते जाहली आणि नाटक कायम जाहले, हे दप्तरी असावे. घरी जातेवेळी रामाने सीतेस अदबीने पुसिले की, वडापाव पाहिजे की भेळ; आणि बाईंनी हुकूम फर्माविला की, दोन्ही.