वायपर थोडे जादा

हवाई तळावरच्या सुट्या भागांच्या भांडारात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ही सगळी करणी भांडारप्रमुख जादाभाऊंची. एकदा एका बोल्टापायी हेलिकॉप्टर अडकून पडलं, तेव्हा साहेबांनी त्यांना चारचौघांत झाडलं होतं. ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून काहीही मागवायचं झालं की ते म्हणत, “थोडं जादा असू द्या.” मागच्या वादळात हेलिकॉप्टरच्या काचांचे दोन-तीन वायपर मोडले. मेकॅनिकने थोडे जादा मागितले, जादाभाऊंनी त्यात भर घातली, मुख्यालयाने आणखी. आता वायपरांची खोकी छताला टेकली होती आणि जादाभाऊ त्यातल्याच एकावर बसून डबा खात.

या वेळी मात्र हेलिकॉप्टर अडलं ते इंधनपंपाच्या रबरी रिंगेवाचून. एवढ्या पसाऱ्यात ती एक नव्हती. तिकडे गावी जादाभाऊंच्या आईने अंथरूण धरलेलं. साहेब म्हणाले, “हेलिकॉप्टर उडालं की तुम्ही सुटलात. तोवर रजेचं नाव काढू नका.”

रिंग उद्याच्या मालवाहू विमानाने येणार होती, एका इंजिनाच्या खोक्यात घालून. आता इंजिनाला जागा हवी. जादाभाऊंनी वायपर मागच्या शेडमध्ये हलवायचं ठरवलं, पण नोंद केल्याशिवाय संगणक माल बाहेर सोडेना.

“वापरले म्हणून टाका की,” मेकॅनिक म्हणाला. “कोण बघतंय?”

बघत होता मुख्यालयातला संगणक. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधणं हेच त्याचं काम. या तळाने एका दुपारीत सगळे वायपर संपवले म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी विमान उतरलं. जादाभाऊ भरलेली बॅग घेऊनच धावले. दार उघडलं. आत वायपर.

“इंजिन कुठंय?” त्यांनी विचारलं.

“उतरवलं ना ऐन वेळी!” वैमानिक स्वच्छ आकाशाकडे बघत म्हणाला. “तुमच्याकडे भयंकर वादळ आहे म्हणे. इंजिन आता पुढच्या फेरीला.”

पुढची फेरी कधी, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. भांडारात येऊन त्यांनी घरी फोन लावला.

“आईला सांग, आज काही जमत नाही. वाट बघत असेल गं ती.”

“नाही हो,” बायको चाचरत म्हणाली. “सकाळी तुमची गादी घालायला काढली, तर म्हणाल्या, राहू दे. मागच्या वेळी येतो म्हणाला, आला नाही. त्याच्या आधीही नाही. उगाच कशाला घालून ठेवायची?”

जादाभाऊ मटकन खोक्यावर बसले. डोळे भरून आले होते. बाहेर वायपर उतरवणं चालूच होतं.

“तरी,” ते हळूच म्हणाले, “एक गादी जादा असू दे.”