मंडळींना समुद्रात न्यायचंय!

बायकोला कळू न देता एखादा बेत पार पाडावा तर तो खेर सरांनीच, असं खेर सरांचं स्वतःचं ठाम मत होतं. "बत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय!" ते आरशातल्या खेर सरांना म्हणाले. "नकाशा डोक्यात पक्का असला की माणूस चुकत नाही!"

बेत असा होता. सरांची लेक सावनी बंगळूरला, तिचे दिवस भरत आलेले. हेमाताई सोमवारी तिच्याकडे निघणार होत्या, त्या थेट सहा महिन्यांसाठी. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण या चाळीस वर्षांत सर सलग चार दिवससुद्धा घरात एकटे राहिले नव्हते. साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ब्रह्मपुत्रा कुठे उगम पावते ते ठाऊक होतं, पण त्याने चहा गोड होत नाही!

ही गेल्यावर आपलं काही खरं नाही, हे सरांना कळून चुकलं होतं. ते तिला सांगायचंही होतं. पण घरात बोलायला तोंड उघडलं की 'टाकीत पाणी चढलं का?' एवढंच बाहेर पडायचं. म्हणून सरांनी ठरवलं, शनिवारी संध्याकाळी हिला होडीतून सूर्यास्त दाखवायला न्यायचं आणि तिथे मनातलं सांगून टाकायचं. लग्न होऊन रत्नागिरीत आल्या आल्या हेमाताई म्हणाल्या होत्या, "एकदा होडीत बसवा हो मला." सर म्हणाले होते, "बघू." ते बघणं अजून चालूच होतं.

मांडवीच्या जेटीवर एक पाटी होती. 'गंगाराम. समुद्रसफर, वाढदिवस, सर्व विधी.' सरांनी नंबर टिपून आणला आणि बुधवारी दुपारी परसात, पार विहिरीमागे जाऊन फोन लावला. हेमाताईंचे कान भारी तिखट! म्हणून सरांनी आवाज इतका खाली आणला की ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाचा आवाज रडून रडून बसलाय. त्यात रेंज विहिरीच्या तळाला गेलेली.

"हॅलो, मी खेर सर. आमच्या मंडळींना समुद्रात न्यायचंय."

"मंडळी किती?" गंगारामने विचारलं.

"किती म्हणजे? एकच! चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा."



"अरे देवा! म्हंजे घरातल्या वैनी... कधी वो?"

"शनिवारी."

"आनि न्यायचं कधी?"

"अहो, शनिवारीच म्हटलं ना! संध्याकाळी पाचला. तिला पाण्याची फार ओढ हो. मी कधी नेलं नाही, ते जिवाला लागून राहिलंय. सोमवारपासून घर खायला उठेल मला." यातलं 'सोमवारपासून' तेवढं नेमकं रेंजमध्ये बुडालं.

"काका, जानारं मानूस जातंच," गंगाराम हळहळला. "आपन काय थांबवनार?"

"खरंय," सर म्हणाले. ही जाणार हे याला कसं कळलं, असा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पडला नाही!

"फुलं, नारळ मी आनतो. कोन कोन येनार?"

"कोणी नाही. आम्ही दोघंच. आणि गाणीबिणी नकोत हं!"

"छे छे! गानी कशी लावीन, काका?"

किती सभ्य माणूस, असं सरांना वाटलं. आणि मग काय झालं कोण जाणे, न पाहिलेल्या त्या माणसापाशी सरांचं तोंड सुटलं. घरात चाळीस वर्षांत जे बोलले नव्हते ते विहिरीमागे पाच मिनिटांत बोलून गेले. फोन ठेवला तेव्हा त्यांना कसं हलकं हलकं वाटत होतं.

शनिवारी सरांनी थाप मारली. "मांडवीला काशीराम म्हणून माझा जुना मित्र आजारी आहे. बघून येऊ."

"हा काशीराम कोण नवीन?" हेमाताई म्हणाल्या. पण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायची त्यांची रीत नव्हती. नाचणी भाजून केलेलं पीठ त्यांनी स्टीलच्या डब्यात भरलं, त्यावर धुतलेला पांढरा पंचा घट्ट बांधला आणि डबा पोटाशी धरून त्या रिक्षात बसल्या.

जेटीला गंगारामची होडी लागलेली होती. मधोमध पांढरी चादर, तिच्यावर तगरीची फुलं, बाजूला नारळ आणि उदबत्तीचा पुडा. सर खूश! शहरातल्यासारखे फुगे नाहीत, झगमगाट नाही. काय हा साधेपणा!

"अहो, काशीराम होडीत राहतो?" हेमाताईंनी विचारलं.

"काशीराम नाहीच!"

"अगो बाई! गेला?"

"गेला नाही गं! मुळातच नाही! आपण होडीतून सूर्यास्त बघायला आलोय. तू आणि मी."

हेमाताईंनी होडीकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. चेहरा असा उजळला, की सरांना वाटलं, आता सूर्य मावळला नाही तरी चालेल.

"साडी तरी बरी नेसले असते की!" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दोरखंड सोडून गंगाराम आला. पांढरा सदरा, मान खाली, हात जोडलेले. "या काका. धीर धरा."

"धरलाय," होडीची कड घट्ट पकडून सर म्हणाले.

गंगारामची नजर हेमाताईंकडे गेली. "ह्या कोन?"

"या? या आमच्या मंडळी!" सरांनी छाती काढून सांगितलं.

गंगारामचे जोडलेले हात सुटले! तीन दिवसांपूर्वी विहिरीतून बोलल्यासारखा रडणारा माणूस, आणि लगेच दुसरी? "जरा थांबायचं तरी व्हतं," तो स्वतःशी पुटपुटला. मग त्याला तो पांढऱ्या फडक्यात बांधलेला डबा दिसला. त्याचा आवाज खाली आला. "ह्येच का ते?"

"हो, फार नाही, थोडंसंच आहे," हेमाताई म्हणाल्या.

गंगारामने डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, चादरीवर मधोमध ठेवला आणि वर फुलं वाहिली.

"बघा हो," हेमाताई सरांच्या कानात म्हणाल्या, "अन्नाला किती मान देतो माणूस!"

होडी निघाली. डाव्या हाताला भाट्याचं सुरूबन, उजवीकडे किल्ल्याचा डोंगर आणि त्यावरचं दीपगृह, समोर शेंदरी सूर्य. हेमाताई पदर खोचून, हात पाण्यात घालून एखाद्या शाळकरी मुलीसारख्या बसल्या होत्या. सरांनी मनात वाक्य तयार केलं. 'हेमा, तू गेल्यावर मला करमणार नाही.' सहाच शब्द. पण पहिला शब्द ओठावर येतो न येतो तोच खालून एक लाट आली आणि वाक्याऐवजी भलतंच काही वर यायला लागलं! भरती-ओहोटी फळ्यावर शिकवणं निराळं आणि पोटात होणं निराळं.

इकडे गंगारामला राहवेना. "वैनी, तुमचं लगीन कधी झालं?"

"झाली की चाळीस वर्षं!"

"आनि काकांचं?"

"काकांचंही तेव्हाच की हो!" हेमाताई खळखळून हसल्या.

एकाच मांडवात दोघी! गंगारामने सुकाणू घट्ट धरलं आणि तो क्षितिजाकडे बघत राहिला.

एव्हाना सरांचा चेहरा कैरीसारखा हिरवा झाला होता. हेमाताईंच्या ते लक्षात आलं. "रिकाम्या पोटी आलात ना? थांबा, चिमूटभर पीठ तोंडात टाका, बरं वाटेल." त्यांनी फुलं बाजूला सारली आणि पंच्याची गाठ सोडायला घेतली.

"वैनी, हितं नको!" गंगाराम घाईने म्हणाला. "जरा पुढं, खोल पान्यात..."

"खोल पाण्यापर्यंत यांना दम नाही निघायचा," म्हणत हेमाताईंनी झाकण उघडलं. आत राखाडी, भुरकट पीठ. सरांनी चिमूट भरली, तोंडात टाकली, डोळे मिटले.

"वा! वेलची घातलीस होय?"

गंगारामने जी किंकाळी फोडली ती पार भाट्यापर्यंत गेली असावी, कारण तिकडचे कुत्रे भुंकायला लागले! त्याचा सुकाणूवरचा हात सुटला. होडी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. सूर्य एकदा उजवीकडून गेला, एकदा डावीकडून गेला, एकदा मागून. त्या दिवशी खेर दांपत्यापुरता तो तीनदा मावळला!

"अहो, काय झालं? तुम्हालाही मळमळतंय का?" हेमाताईंनी मायेने डबा पुढे केला. "घ्या थोडं."

"नको! नको वैनी!" गंगाराम होडीच्या पुढच्या टोकाला, पार नाळेला जाऊन चिकटला. "आमच्यात चालत नाय!"

"नाचणी चालत नाही?"

"नाचनी?"

"मग काय वाटलं तुम्हाला?" सर ओरडले. "आधी होडी सांभाळा!"

गंगाराम चाचपडत मागे आला, सुकाणू धरलं, इंजिन बंद केलं. होडी शांत झाली. तो घामाने निथळत होता. "काका, खरं सांगा. तुमच्या मंडळींच्या अस्थी कुठं हायत?"

सरांच्या तोंडातलं पीठ तोंडातच राहिलं. "अस्थी? अहो, माझ्या मंडळी या! या समोर बसल्यात त्या! एकच आहेत!"

आधी हेमाताईंना उलगडा झाला. त्यांनी पांढऱ्या चादरीकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं. "म्हणजे यांनी मला फोनवर मारलं?"

"तसं नाय सांगितलं वैनी, खोटं कशाला बोलू," गंगाराम कानशील खाजवत म्हणाला. "पन जे बोलले ना काका, ते जित्या मान्साबद्दल कोन बोलतं का? मला वाटलं, गेल्याच तुमी."

"काय बोलले?"

"काही नाही!" सर गडबडीने म्हणाले. "गंगाराम, होडी वळवा. अंधार पडेल!"

"राहू द्या," हेमाताई म्हणाल्या. "काय बोलले?"

गंगाराम देवळात उभं राहिल्यासारखा उभा राहिला. "म्हनाले, माजी आई तीन वर्षं अंथरुनावर व्हती. तिचं सगळं हिनं केलं. रात्रंदिवस. आनि मी शाळेतनं आलो की मलाच विचारायची, दमलात का? मी तिला एकदा विचारलं नाय."



"म्हनाले, ती घरात असते तेव्हा मला कळतच नाय ती हाय म्हनून. आनि वाण्याकडं गेली तरी घर सुनं वाटतं. म्हनाले, आता कसं व्हायचं माजं?" गंगारामने बाहीने डोळे पुसले. "मी बायकोला सांगितलं वैनी, ती पन रडली."

हेमाताईंनी तोंड किल्ल्याकडे फिरवलं. सूर्य गेला होता, नुसता रंग उरला होता. सरांना त्यांची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ जराशी हलली, आणि सरांना पोटातली मळमळ आठवेनाशी झाली. ते डुगडुगत उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"अगं..."

"माणूस मेल्याशिवाय बोलायचंच नाही का हो तुम्ही?"

"तू समोर असलीस की जमत नाही गं. फोनवर तू नव्हतीस ना."

हेमाताईंनी पदराने नाक पुसलं. मग त्या म्हणाल्या, "सोमवारपासून समोर नसेन. रोज फोन करायचा. आणि टाकीचं विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला. तो समुद्राच्या पाण्याने गारठलेला होता. गंगारामने आणलेला नारळ मुकाट्याने फोडला आणि तिघांनी खोबरं खाल्लं. पिठाला मात्र तो शेवटपर्यंत शिवला नाही!

घरी पोचायला साडेसात झाले. ओसरीवर कोणीतरी बसलं होतं. शाळेच्या ऑफिसात सरांबरोबर काम केलेल्या यमुनाबाई. त्या मांडवीला गंगारामच्या शेजारी राहत, हे सरांना ठाऊक नव्हतं. सरांना बघताच त्यांना हुंदका फुटला. "सर! असं कसं हो झालं? मला आजच कळलं. फोन करायचा धीर होईना. दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून पिठलं-भात..."

तेवढ्यात रिक्षातून उतरून, पंचा सावरत हेमाताई फाटकातून आत आल्या. "कोण? यमुनाबाई?"

यमुनाबाईंनी जी मारुतीरायाचा धावा करायला सुरुवात केली, ती पाण्याचा अख्खा तांब्या पिऊन संपेपर्यंत थांबली नाही. सगळा खुलासा झाला. मग त्या इतक्या लाजल्या की पिठल्याचं भांडं उचलून परतच निघाल्या.

"नेता कुठे?" हेमाताईंनी भांडं काढून घेतलं. "आज माझ्याच्यानं स्वयंपाक व्हायचा नाही. बसा, तिघंही जेवू."

पानं मांडली. हेमाताईंनी वाढलं. सर पाटावर बसले ते एक नवा माणूस होऊनच! आज त्यांना एक गोष्ट पक्की समजली होती, की चांगलं बोलायचं ते माणूस समोर असताना बोलायचं, मोठ्याने बोलायचं, उद्यावर टाकायचं नाही. त्यांनी पहिला घास घेतला आणि घर दणाणेल अशा आवाजात म्हणाले,

"वा! काय पिठलं झालंय! असं पिठलं मी जन्मात खाल्लं नव्हतं!"

यमुनाबाई खाली बघायला लागल्या. हेमाताईंनी हातातली पळी हळूच पातेल्यात ठेवली.

"मग चाळीस वर्षं मी काय भिंती लिंपायला करत होते?"

सरांनी मान खाली घातली आणि मुकाट्याने ताट पुढे केलं. भात हवा होता, पण मागायची हिंमत होईना.