चौसाळ्याच्या डोंगरावरचं नैनिताल

प्रवासाला गेलेल्या माणसाने परत यावे, ही समाजाची अपेक्षा असते; पण लगेच यावे, ही नसते. चौसाळ्यात ही मुदत किमान आठ दिवसांची आहे. त्याआधी परतलेल्या माणसाकडे लोक दवाखान्यातून आल्यासारखं बघतात.

पंचायत समितीचे माजी सदस्य मोहनराव हा नियम जाणून होते. मे महिन्यात त्यांनी पत्नी गीताबाईंना घेऊन नैनितालला जायचं ठरवलं, तेव्हा गावाने त्यांना रीतसर निरोप दिला. स्टँडवर एक फ्लेक्स, सतरा नारळ, एकोणीस शाली (तापमान बेचाळीस) आणि चार भाषणं. दोन भाषणांत हा दौरा विकासासाठी असल्याचं सांगण्यात आलं. गीताबाईंना विकासाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना अंगावर गोधडी घेऊन चहा प्यायचा होता.

"तीस वर्सं झाली लग्नाला," जीपमध्ये त्या म्हणाल्या, "बीडबिगर दुसरी हवा अंगाला लागली न्हाई."

संभाजीनगरच्या स्टेशनवर हॉटेलवाल्याचा फोन आला. नैनितालच्या भोवतालच्या जंगलात वणवा पेटला होता, रस्ता बंद होता. धुरामुळे तळं दिसत नाही, खोली मात्र दिसते, असं त्याने प्रामाणिकपणे कळवलं.

"मग घरला जाऊ," गीताबाई म्हणाल्या.

"सकाळी गेलतो अन् दुपारी आलो? लोक इचारतील, कावून आले."

परतायचं, पण दिसायचं नाही, असा मध्यम मार्ग निघाला. भर दुपारी, गाव पंख्याखाली आडवं असताना, जीप मागच्या रस्त्याने डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरावर, आली. दोन पत्र्याच्या खोल्या, एक शेततळं आणि एक बाभूळ, अशी तिथली पर्यटनस्थळं होती. तिथे आठ दिवस काढायचे ठरले.

दौरा सुरू झाला. प्रवासाचे दोन दिवस जाऊ देऊन तिसऱ्या दिवशी मोहनरावांनी स्वेटर घालून शेततळ्यासमोर फोटो काढला आणि 'चौसाळा परिवार' या व्हॉट्सॲप गटावर 'तलावाकाठी प्रसन्न सकाळ' म्हणून टाकला. एकशे चाळीस लोकांनी हात जोडले. चौथ्या दिवशी गीताबाईंना शाल पांघरून बाभळीखाली उभं करण्यात आलं (फोटोतून बाभूळ वगळण्यात आली). त्यांना घामोळं उठलं. "थंडीनं उठलंय म्हणून सांगा," त्या म्हणाल्या आणि नंतर दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. वणव्याची बातमी गावातही पोचली होती, त्यामुळे मोहनरावांच्या धाडसाचं कौतुक वाढतच गेलं.

सहाव्या दिवशी दुपारी तीनला डोंगरापलीकडे कोणीतरी बांध पेटवून दिला आणि वाऱ्याने तो जाळ डोंगरावर नेला. वाळलेलं गवत सरसर पेटत आलं. वर शेळ्या राखणारा सटवा पाण्यासाठी शेततळ्याकडे धावत आला. समोर मोहनराव स्वेटरमध्ये उभे.

"मालक, तुमी गेलतात ना?"

"गेलतो."

सटवाने आणखी चौकशी केली नाही. "जाळ वाड्याकडं चाललाय. तेवीस शेळ्या कोंडल्यात."

गीताबाईंनी पदर खोचला, दोन पोती पाण्यात बुचकळली आणि चालू लागल्या. मोहनराव चार मिनिटं जागेवर उभे राहिले. लोकांना बोलवावं तर आपण कुठे आहोत हे कळणार, न बोलवावं तर शेळ्या जाणार. जे काही त्यांनी आयुष्यात बोलून कमावलं होतं, ते या चार मिनिटांत डोळ्यांसमोरून गेलं. मग त्यांनी जाळाचा व्हिडिओ काढून गटावर टाकला: 'डोंगराला आग. सगळे ताबडतोब या.'

उत्तरं ताबडतोब आली. 'साहेब, जपून.' 'वहिनींना धूर लागू देऊ नका.' 'तिकडच्या सरकारने हेलिकॉप्टर पाठवावं.' हात जोडणाऱ्यांची संख्या दोनशे बारावर गेली.

मोहनरावांनी सरपंच त्रिंबकला फोन लावला. "त्रिंबक, मी डोंगरावर हाय."

"म्हाईत हाय ना साहेब, रोज फोटो बघतोय."

"आपल्या डोंगरावर. चौसाळ्याच्या."

त्रिंबकने आवाज मऊ केला. "साहेब, धुरानं डोकं फिरतं माणसाचं. जरा पाणी प्या. इथं स्टँडवरबी धूर दिसायलाय, पण तुमच्यासारखा न्हाई."

सटवाकडे साधा फोन होता. त्यामुळे आग कुठे लागली आहे हे त्याला नक्की ठाऊक होतं.

तिघांनी दोन तास ओली पोती आणि कडुनिंबाच्या फांद्या आपटल्या. मोहनरावांच्या भुवया गेल्या, स्वेटरची एक बाही गेली. गीताबाई दोन्ही काखांत करडं घेऊन चार वेळा खाली-वर झाल्या. बावीस शेळ्या वाचल्या. एक म्हातारी शेळी वाड्याच्या काटेरी कुंपणात अडकून राहिली. सटवा तिच्याजवळ बराच वेळ बसला, आणि मोहनराव त्याच्याजवळ बसले. फोटो निघणार नाही असं काम त्यांच्या हातून पहिल्यांदाच झालं होतं. त्यांना बरं वाटत होतं.

"पावसापर्यंत चारायचं काय?" सटवा म्हणाला. त्याने काळ्या डोंगराकडे बोट केलं.

आठव्या दिवशी दोघं रीतसर परतले. उत्तराखंडाच्या वणव्यातून सुखरूप आल्याबद्दल स्टँडवर सत्कार झाला. जळालेल्या भुवया सर्वांना जवळून दाखवण्यात आल्या. मोहनराव खरं सांगायला उभे राहिले, पण समोरच्या टाळ्या थांबेनात आणि मग ते थांबले. गीताबाईंनी माईक ओढून घेतला.

"आम्ही कुटं गेलतोच न्हाई. आग आपल्या डोंगराला लागलती. सटवाची शेळी मेली."

बाईमाणूस आहे, धसका घेतला आहे, असं म्हणून लोकांनी डोळे पुसले. त्याच सभेत उत्तराखंडाच्या जनतेला धीर देणारा ठराव एकमताने मंजूर झाला. आयत्या वेळच्या विषयांत 'डोंगर काळा दिसतो' अशी एक तोंडी तक्रार होती. उन्हाळ्यात दिसतो, असा निर्वाळा देऊन ती निकाली काढण्यात आली.

गाव अडाणी होतं, असं समजण्याचं कारण नाही. आपणही ही हकीकत इथवर हळहळत वाचलीच आहे. वाचताना कुठे धुराचा वास आला असेल, तर तो या गोष्टीतलाच समजावा आणि उठू नये.